नावं संपेपर्यंत

सिनेमा संपला, जग वाचलं,
आणि परभणीतली माणसं उठली
पंगत उठते तशी,
गुडघ्यावर हात देत, पायानं चपला चाचपत.
प्रणित उठेना.
"मामा, थांब की. आजून हाये."

नऊ वीस झाले होते.
मानवतची शेवटची गाडी नऊ पन्नासला,
आणि तिचा ड्रायव्हर काही कुणाचा मामा नाही.

काळ्या भिंतीवर मुंग्या चढाव्यात
तशी पडद्यावर नावं चढू लागली.
केस विंचरणारे, वायरी धरणारे,
सुतार, हिशेबनीस, जेवण पोचवणारे,
कुत्र्याला शिकवणारा एक,
आणि खाली त्या कुत्र्याचंही नाव.
एका माणसाला उडवायला
एवढी माणसं जमिनीवर लागतात
हे मला पन्नाशीत कळलं.

भिंतीला टेकून चंद्रकलाबाई हत्तीअंबीरे,
हातात झाडू, पायाशी काळी पिशवी.
नावं संपल्याबिगर तिला झाडता येत नाही.
सुरुवात तिनं एकाही सिनेमाची पाहिलेली नाही,
मधलं तर नाहीच.
पण शेवटानंतरचा तुकडा
दिवसातून चार वेळा, अशी सहा वर्षं.
मी हळूच विचारलं,
"थांबण्यासारखं हाय का काही?"
पोराला ऐकू जाऊ नये म्हणून
ती तोंडाला पदर लावून बोलली,
"ह्याच्यात एक जण दार वाजवतोय.
दुसरा म्हणतोय, तू? आन् झाला अंधार.
मागल्या दिवाळीचा चांगला होता बगा.
लढाईहून आलेली बाई
पायरीवर बसून बुटातली माती झटकायली.
कुणी बोलंना, काही नाही.
त्यो म्या रोज बघितला."

मला आमच्या लग्नाची कॅसेट आठवली.
शेवटी गुलाबाच्या पाकळ्या गरगरल्या,
शूटिंग व मिक्सिंग: चक्रधर फोटो, सेलू,
आपले आभारी आहोत.
आणि नंतर चक्रधर जेवायला बसला असावा,
कॅमेरा खुर्चीवर, चालूच राहिलेला.
चार मिनिटं, सगळं तिरकं.
सतरंज्या गुंडाळणारी पोरं,
बादलीच्या तळाला बुंदी,
आणि माझे सासरे, फेटा मांडीवर,
दिवसभर हसून
चेहऱ्याला आता सुट्टी दिलेली.
एकदा ते कॅमेऱ्याकडं बघतात
पण त्यांना वाटतं, ती खुर्चीच आहे.

ते गेले त्या सालापासून
बायको कॅसेट पुढं पळवते,
अक्षता, सप्तपदी,
मला, माझ्या सगळ्या खानदानाला ओलांडून
थेट पाकळ्यांच्या पलीकडं.
आता कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेनड्राइव्ह.
दुकानदार म्हणाला होता, शेवटचं उगंच आहे, कापू का?
ती त्याला जे बोलली
ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पडद्यावर दार वाजलं.
दुसरा म्हणाला, "तू?"
अंधार.
प्रणित खुर्चीत ताठ झालेला,
"मामा! त्यो कोण व्हता, कळलं का?"
"नाही."
"दोन सालानं कळंल," चंद्रकलाबाई म्हणाली
आणि वरच्या रांगेपासून झाडायला लागली.
मक्याच्या लाह्या, अर्धं तिकीट,
एका लेकराची एकच चप्पल.
ती तिनं पिशवीत टाकली नाही,
खुर्चीच्या हातावर ठेवली, दिसेल अशी.

स्टँडवर गेलो तर गाडी गेलेली.
कंट्रोलर म्हणाला, पाथरीची एखादी जादा येते कधी कधी,
ती मानवतवरून जाते,
पण माझ्या भरवशावर बसू नका.
प्रणित लगेच बसला.
थांबायची त्याला सवयच आहे,
झोपलाही, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून.
मी मात्र जागा,
समोरच्या पत्र्याच्या पाटीवर
सोनपेठ, पालम, पूर्णा, जिंतूर, सेलू,
खालून वर वाचत.